आर१५ ला पान्हा लावण्याआधी वही घ्या

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी सोळा वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. राहते कळव्याला. २०२१ साली मी यामाहाची आर१५ व्ही३ ही छोटी स्पोर्ट बाईक सेकंडहँड घेतली. मॉडेल २०१९ चं, दोन्ही चाकांना एबीएस असलेलं. आधीच्या मालकाने हौसेने बरंच काही करून ठेवलं होतं: धूर मोकळा सोडणारा फ्री-फ्लो सायलेन्सर, एअरबॉक्सच्या (इंजिनला हवा जाते तो डबा) झाकणाला भोकं, ब्रेक-क्लचला सीएनसी मशीनवर कापलेले बुटके लिव्हर, मागे १५० चा टायर, साडीगार्ड गायब. बघणारा म्हणायचा, "ताई, फुल मॉडिफाय मिळाली, नशीब काढलंत." पण तिसऱ्या गिअरमध्ये हळू चालवताना गाडी गचके द्यायची आणि वळणावर तिला अंगाने ढकलावं लागायचं. चार महिने लावून मी एकेक गोष्ट काढली आणि कंपनीची परत बसवली. गाडी मला कळली ती तेव्हा. त्यानंतर जे लावलं ते समजून लावलं.

म्हणून कोणी विचारलं की छोट्या स्पोर्ट बाईकला आधी काय लावू, तर मी म्हणते, एक वही घ्या.

वहीच्या पहिल्या पानावर गाडी आज आहे तशी उतरवायची. टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल असं सलग तीन वेळा भरून अ‍ॅव्हरेज. सकाळी थंड टायरमधली हवा. इंजिन तापल्यावरचा आयडलिंगचा आरपीएम. चेन किती ढिली आहे ते मिलिमीटरमध्ये. आणि पिकअप, पण तो आकड्यात. मी रविवारी सकाळी सहाला ठाणे-बेलापूर रस्त्यावर मोकळा सरळ पट्टा धरते, चौथ्या गिअरमध्ये ४० वर स्थिर होते, मग थ्रॉटल पूर्ण उघडून ७० पर्यंत किती सेकंद लागतात ते मोजते. जाताना तीनदा, येताना तीनदा, म्हणजे वाऱ्याचा फरक जातो. घड्याळाकडे बघायचं नाही, हेल्मेटला लावलेल्या छोट्या कॅमेऱ्यात मीटर दिसतो तेवढं पुरतं. त्यासाठी मोबाईल हँडलच्या होल्डरला लावू नका. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं आहे.

नियम एकच पाळायचा. एका वेळी एक बदल, आणि निदान एक टाकी संपेपर्यंत दुसरा नाही. आमच्याकडे ज्या दिवशी मशीनचं टूल आणि ऑफसेट (टूलच्या मापाची सेटिंग) दोन्ही बदलतात, त्या दिवशी माल खराब निघाला तर दोष कशाचा ते कोणालाच सांगता येत नाही. गाडीचंही तेच.

पहिले बदल फुकटातले आहेत आणि लोक तेच करत नाहीत. सीटवर नेहमीसारखं बसा, हात सरळ हँडलवर टाका, बोटं लिव्हरवर ठेवा. मनगट वर मोडत असेल तर लिव्हरचा क्लॅम्प सैल करून लिव्हर थोडा खाली फिरवा. क्लचच्या केबलला लिव्हरच्या टोकाशी साधारण १० ते १५ मिमी मोकळी चाल हवी. ती नसेल तर क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो आणि प्लेटा जळतात. पहिला पैसा खर्च करायचाच असेल तर टाकीला दोन्ही बाजूंनी रबरी ग्रिप पॅड लावा. गुडघ्यांनी टाकी धरता आली की ब्रेक लावताना अंगाचं वजन मनगटांवर येत नाही. कळवा पुलावरच्या गर्दीत अर्धा तास काढल्यावर याची किंमत समजते.

टायरचं सांगते. व्ही३ ला पुढे १००/८० आणि मागे १४०/७०, दोन्ही १७ इंची. माझ्या गाडीला लावलेला १५० चा टायर रिमच्या रुंदीला जास्त होता. असा टायर कडेने आत दाबला जातो, त्याची गोलाई बदलते आणि गाडी वळायला जड होते. मागून रुबाबदार दिसतो, हे खरं. मी १४० चा रेडियल परत घातला आणि पहिल्याच दिवशी रबाळे नाक्याच्या वळणावर गाडी नुसत्या नजरेने वळल्यासारखी वाटली. टायर घेताना कडेवरचा चार आकडी कोड वाचा. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. जुना पडून असलेला टायर स्वस्तात मिळतो, पण रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात ते घसरून दाखवतं. हवा गाडीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना, आणि स्वतःच्या गेजने. मी माझं गेज कारखान्यातल्या कॅलिब्रेट केलेल्या गेजशी ताडून पाहिलं आणि मगच पंपांवरचे आकडे तपासले. एका पंपावर चार पीएसआयचा फरक निघाला.

चेन दर पाचशे किलोमीटरला, पावसात त्याहून लवकर. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) घ्या, इंजिन बंद ठेवा, चाक हाताने फिरवा. चालू इंजिनवर चेन पुसताना बोटं गेलेली माणसं आहेत. रॉकेलने किंवा चेन क्लीनरने मळ काढा. ओ-रिंगच्या चेनला पेट्रोल लावू नका, रिंगा कोरड्या पडतात. चेन सगळीकडे सारखी ढिली नसते, म्हणून चाक फिरवत सर्वांत ताठ जागा शोधा आणि ढिलाई तिथेच मोजा. आकडा मॅन्युअलमधला. ताणल्यावर स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या आल्या पाहिजेत. ल्युब फिरून आल्यावर, चेन कोमट असताना, आतल्या बाजूने मारा आणि रात्रभर तशीच राहू द्या.

आता लिव्हर. यावर जास्त लिहिते, कारण यात माझा जीव जाता जाता वाचला.

गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते. मुंब्रा बायपासच्या उतारावर कंटेनरच्या रांगेत मी पुढचा ब्रेक सारखा लावत-सोडत होते. थोड्या वेळाने लिव्हरची चाल कमी-कमी होत गेली, आणि मग ब्रेक सोडला तरी गाडी ओढल्यासारखी थांबायला लागली. कशीबशी कडेला घेतली. पुढच्या डिस्कजवळ हात नेववत नव्हता. वीस मिनिटांनी सगळं गार झालं आणि चाक आपोआप मोकळं झालं. गॅरेजमध्ये पॅड बदला म्हणाले. मला पटलं नाही, कारण पॅड खराब असते तर गार झाल्यावर बरे कसे झाले?

मी तो सीएनसी लिव्हर काढला, कंपनीचा लिव्हर आणला, आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही सर्फेस प्लेटवर (मोजणीसाठीचा अगदी सपाट पाट) ठेवून मोजले. मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइल ढकलणारा भाग) पिस्टनला दाबणारं लिव्हरचं जे नाक असतं, ते त्या बुटक्या लिव्हरमध्ये ०.६ मिमी जास्त लांब होतं. म्हणजे ब्रेक सोडलेला असतानाही पिस्टन किंचित आत दाबलेला. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ऑइल परत ब्रेक ऑइलच्या डबीत जाण्याचं बारीक भोक उघडतं. ते बंद राहिलं की तापून फुगलेल्या ऑइलला जायला जागा नाही. मग ते पॅडना दाबतं, पॅड डिस्कला घासतात, आणखी तापतात. ०.६ मिमी, म्हणजे वहीची सात-आठ पानं एकावर एक ठेवल्याएवढं.

बुटके लिव्हर लावूच नका असं मी म्हणत नाही. छोट्या हातांना ते बरे पडतात, माझेही हात छोटेच आहेत. पण लावल्यावर एवढं करा. लिव्हर सोडलेला असताना टोकाशी बोटाने हलवून पाहा, पिस्टनला टेकण्याआधी थोडीशी मोकळी चाल जाणवलीच पाहिजे. पुढचं चाक उचलून फिरवा, ब्रेक दहा वेळा जोरात लावून सोडा, चाक पहिल्यासारखंच मोकळं फिरतं का पाहा. लिव्हर हलका दाबताच मागचा लाल दिवा लागतो का आणि सोडताच विझतो का, तेही बघा. पिव्होटच्या बोल्टवर लिव्हर वर-खाली डुगडुगत असेल तर तो परत करा. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून लिव्हर फेअरिंगला लागत नाही ना, हे तपासा. दहा मिनिटांचं काम आहे. आणि ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, डॉट ४ च. ते हवेतला ओलावा शोषतं, आणि आपल्या खाडीकाठच्या हवेत ओलाव्याला तोटा नाही.

इंजिनकडे मी सर्वांत शेवटी आले. १५५ सीसी, ११.६ ला १ कॉम्प्रेशन, १०,००० आरपीएमला १९.३ पीएस. ७,४०० च्या आसपास व्हीव्हीए (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) इनलेटचा कॅम बदलतो आणि वर दम तसाच टिकतो. एवढ्याशा इंजिनमधून कंपनीने हे काढलं आहे, त्यात सोपी फट उरलेली नाही. फ्री-फ्लो सायलेन्सर आणि उघडा एअरबॉक्स लावला की हवा जास्त जाते, पण इंधनाचा हिशोब ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या संगणकाच्या, जुन्या नकाशावरच चालतो. ऑक्सिजन सेन्सर हळू चालताना थोडं सावरून घेतो. पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), इंजिन तापतं, आणि आपण रोज जिथे चालवतो त्या तीन ते सहा हजारांतला ओढा जातो. माझ्या वहीत ४० ते ७० ला ६.८ सेकंद होते. एअरबॉक्सचं झाकण बदललं, ६.५ झाले. कंपनीचा सायलेन्सर परत लावला, ६.१. आवाज निम्मा झाला आणि गाडी पळायला लागली. आवाजामुळे वेग जास्त वाटतो, घड्याळ मात्र खरं सांगतं.

पिगीबॅक ईसीयू (मूळ ईसीयूला जोडायचा जादा संगणक) लावून डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, नीट मॅप करून घेतला तर ट्रॅकच्या गाडीला फायदा होतो, हे मला मान्य आहे. पण त्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हपाशी ठेवलेली बारीक फट) इंजिन पूर्ण थंड असताना फीलर गेजने तपासून घ्या, थ्रॉटल बॉडी साफ करा, प्लग बदला, रेडिएटरच्या जाळीतली वाकलेली पाती चिमट्याने सरळ करा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकणाऱ्यांनी कूलंट पाहावा, टाकीतला आणि रेडिएटरमधला दोन्ही. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीच उघडू नका.

स्प्रॉकेटबद्दल (चेनची दातेरी चाकं) खूप जण विचारतात. व्ही३ ला पुढे १४ आणि मागे ४८ दात आहेत. पुढे १३ चं टाकलं तर प्रत्येक वेगाला आरपीएम साधारण पावणेआठ टक्क्यांनी चढतो, म्हणजे जिथे ६,००० होते तिथे ६,४६०. येऊरच्या चढाला बरं वाटतं, नाशिक हायवेवर डोकं दुखतं. मी १४ च ठेवलं.

कायद्याचंही ध्यानात ठेवा. मागच्या चाकाजवळचा साडीगार्ड आणि मागच्याला धरायची जागा केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १२३ प्रमाणे सक्तीची आहे. माझ्या मागे आई साडी नेसून बसते, त्यामुळे मला नियम नसता तरी तो लावावाच लागला असता. परवानगी नसलेल्या बदलाला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ मध्ये प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंतची कैद, किंवा दोन्ही आहे.

विजेचं काम थोडक्यात. जादा दिवे, यूएसबी, काहीही जोडा, पण रिले (विजेवर चालणारा स्विच) आणि फ्यूज लावून. वीस वॅटचे दोन दिवे म्हणजे सव्वातीन अँपिअरच्या आसपास, पाचचा फ्यूज पुरतो. वायर सोलून टेप गुंडाळू नका, क्रिंप करा (टर्मिनलमध्ये दाबून बसवा) आणि वर हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा. यूएसबी चावी बंद केल्यावर बंद झालं पाहिजे, छोटी बॅटरी दोन दिवसांत झोपते.

पावसाळ्याआधी मागचं मडगार्ड काढलेलं असेल तर परत लावा, नाहीतर चिखल मोनोशॉकच्या (मागचा एकच शॉकअप) लिंकेजमध्ये जातो. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की मी गाडी वळवते, पाणी किती आहे हे पुढे जाऊन बघत नाही.

सध्या काम चालू आहे ते पुढच्या फोर्कचं, म्हणजे पुढच्या चाकाच्या शॉकअपचं. व्ही३ ला साधे टेलिस्कोपिक फोर्क आहेत, त्यामुळे एक सोपी मोजणी होते. फोर्कच्या चकचकीत नळीवर, धुळीच्या सीलला टेकवून एक प्लॅस्टिकचा झिप टाय बांधा आणि रोजच्या रस्त्याने फिरून या. टाय जिथवर सरकला तिथवर फोर्क दबला. माझा टाय दिघ्याच्या खड्ड्यांत जवळजवळ टोकाला जाऊन थांबला होता. ऑइल पाच वर्षांचं आहे, बदलायला झालं आहे. फोर्कच्या दोन्ही नळ्यांत ऑइलची पातळी एकसारखी हवी, स्प्रिंग काढून आणि फोर्क पूर्ण दाबून वरून मोजलेली. ती नीट आली की टाय त्याच जागी बांधून त्याच रस्त्याने जाईन.