पोटित्सा करायचा बेत असेल तर आधी काय काय तयार हवं

पोटित्सा म्हणजे स्लोव्हेनियाचा सणाचा गोड ब्रेड. यीस्टचं पीठ पातळ लाटायचं, त्यावर अक्रोडाचं सारण पसरायचं, घट्ट सुरळी करायची आणि मधे नळी असलेल्या गोल भांड्यात भाजायची, मग कापली की आत सारणाची वळणंच वळणं दिसतात. तिकडे ख्रिसमस आणि ईस्टर दोन्हीला ही लागतेच. १६८९ मध्ये वाल्वासोर नावाच्या तिथल्या अभ्यासकाने कार्निओला प्रांताचं (आजच्या स्लोव्हेनियातला भाग) वर्णन लिहिलंय त्यातसुद्धा अक्रोडाची पोटित्सा आहे, म्हणजे प्रकार चांगलाच जुना. रेसिपी नेटवर शंभर मिळतील, त्यामुळे इथे फक्त तयारीचं लिहितेय. कारण पोटित्सा बिघडते ती बहुतेक वेळा पीठ फुगून तयार असतं आणि सारण अजून गरम असतं म्हणून. पीठ वाट बघत नाही, सारण बघतं. म्हणून सगळ्याचा क्रम सारणापासून लावायचा आणि पीठ शेवटी.

सगळ्यात आधी दिवस ठरवा. पोटित्सा ज्या दिवशी खायची त्याच्या आदल्या दिवशी भाजून झालेली हवी, गरम कापली तर वळणं सुटतात आणि सारण सुरीला चिकटून बाहेर येतं, रात्रभर राहिली की सगळं बसतं आणि चवही मुरते. म्हणजे सण शनिवारी असेल तर भाजायची शुक्रवारी, सारण गुरुवारी संध्याकाळी, आणि सामान आणून तपासायचं बुधवारपर्यंत.

सामानात जीव आहे तो अक्रोडात. अर्धा किलो मैद्याच्या पोटित्साला अर्धा किलो सोललेले अक्रोड लागतात, हो एवढे लागतातच, कमी घातले तर तो नुसता ब्रेड होतो. पाकीट फोडलं की पाचसहा वेगवेगळे तुकडे चावून बघा, एकच नको, कारण अक्रोडाचं तेल लवकर खराब होतं आणि एक मूठ खवट निघाली तरी सगळ्या सारणाला तो वास येतो, साखर-मध कितीही घाला तो लपत नाही. घरात आधीच आणून ठेवायचे असतील तर हवाबंद डब्यात फ्रीझरला ठेवा आणि दळायच्या आधी बाहेर काढून नॉर्मलला येऊ द्या. दळताना मिक्सर सलग चालवायचा नाही, थांबत थांबत, दोन चमचे साखर बरोबर घालून, आणि एका वेळी थोडेच, नाहीतर भांडं गरम होतं, तेल सुटतं आणि पूड व्हायच्या ऐवजी लगदा होतो. रव्यापेक्षा थोडं जाड चालेल, मोठे तुकडे मात्र नकोत, सुरळी करताना ते पातळ पीठ फाडतात. हाताने फिरवायचं नट ग्राइंडर असेल तर प्रश्नच नाही, त्यात पूड कोरडी आणि हलकी पडते.

बाकी सारणाचं सामान एका ट्रेवर मांडून ठेवा: १२० ग्रॅम साखर, १०० ग्रॅम मध, १५० मिली दूध किंवा पातळ क्रीम, एक चमचा दालचिनी पूड, एका लिंबाची किसलेली साल (पिवळी तेवढीच, खालचा पांढरा भाग कडू लागतो), दोन चमचे रम, आणि तीन अंड्यांचे पांढरे. रम नको असेल तर सोडून द्या, काही अडत नाही. गुरुवारी संध्याकाळी दूध आणि मध एकत्र गरम करून अक्रोडाच्या पुडीवर ओतायचं, साखर, दालचिनी, साल घालून ढवळायचं आणि झाकून ठेवायचं. हे रात्रभर फ्रीजमध्ये राहिलं की घट्ट होतं, ते तसंच हवंय. पण भाजायच्या दिवशी सकाळी उठल्या उठल्या पहिलं काम म्हणजे ते बाहेर काढणं, थंडगार सारण पसरत नाही, ओढायला गेलं की पीठ ओढलं जातं, आणि वर थंडीमुळे यीस्टही सुस्तावतं. अंड्याचे पांढरे मात्र आदल्या दिवशी मिसळायचे नाहीत, ते फेटून अगदी पसरायच्या आधी हलक्या हाताने घालायचे. त्यानंतर सारण कसं हवं तर चमच्याने सहज पसरेल पण वाटी तिरकी केली तर वाहणार नाही, वाहत असेल तर दोन चमचे ब्रेडचा चुरा घाला. ओलं सारण म्हणजे आत वाफ, आणि वाफ म्हणजे पीठ आणि सारण यांच्यामधे पोकळी.

आता पीठ. ५०० ग्रॅम मैदा चाळून, २२० मिली दूध, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट (ताजं मिळालं तर २० ग्रॅम), तीन अंड्यांचे पिवळे, ७० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम मऊ लोणी, एक चमचा मीठ, व्हॅनिला, लिंबाची साल. हे सगळं भाजायच्या दिवशी सकाळीच मोजून वेगवेगळ्या वाट्यांत ठेवायचं आणि सगळं एकाच तापमानाला आलेलं हवं, लोणी आणि अंडी फ्रीजमधून थेट नको. पिवळे वेगळे करताना पांढऱ्यात थेंबभर पिवळं गेलं तरी ते नीट फेटलं जात नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी छोट्या वाटीत फोडा. वजनकाटा वापरा प्लीज, कपाने मैदा मोजला की कोण किती दाबून भरतं त्यावर वीसतीस ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि एवढ्या पातळ लाटायच्या पिठात तो कळतो.

यीस्टवर जरा थांबते कारण सगळा दिवस त्याच्यावर आहे. पाकिटावरची तारीख बघाच, पण तारखेवर भरवसा ठेवू नका, आधी एकदा करून बघा, वाटीभर कोमट दुधात चमचाभर साखर आणि यीस्ट, दहा-पंधरा मिनिटांत वर फेस आला पाहिजे. कोमट म्हणजे ३५-३७ अंश, थर्मामीटर नसेल तर मनगटावर थेंब टाकला तर गरमही लागत नाही गारही नाही तसं. ५५-६० अंशांच्या आसपास यीस्ट मरतं, मग काही केलं तरी जिवंत होत नाही. अशा पिठात साखर आणि लोणी बरंच असतं, साखर यीस्टचं पाणी ओढून घेते म्हणून ते साध्या ब्रेडपेक्षा हळू फुगतं, त्यात घाबरायचं काही नाही, तासाचा दीड तास लागेल. लोणी सुरुवातीला नाही घालायचं, आधी बाकीचं पाचसात मिनिटं नीट तिंबून घ्यायचं आणि मग लोणी थोडं थोडं, कारण पिठाला ताण यायच्या आधीच त्याच्याभोवती चरबी बसली तर तो ताण येत नाही आणि लाटताना पीठ तुटतं.

भांडं आणि जागा या दोन गोष्टी लोक विसरतात. पोटित्साचं खास भांडं असतं, पोटिच्निक म्हणतात, गोल, तिरक्या भिंतीचं, मधे वर निमुळती होत जाणारी नळी, मातीचं किंवा पत्र्याचं. ‘स्लोव्हेन्स्का पोटित्सा’ हे नाव २०२१ मध्ये युरोपियन युनियनमध्ये पारंपरिक पदार्थ म्हणून नोंदलं गेलं, त्यात मधल्या नळीचं गोल भांडंच धरलंय, आणि सारणंही ठरलेली, अक्रोड, अक्रोड-बेदाणे, बेदाणे, टॅरेगॉन (एक सुवासिक पाला), टॅरेगॉन-चीज अशी. ईस्टरच्या टोपलीत हॅम आणि अंड्यांबरोबर जी पोटित्सा चर्चमध्ये आशीर्वादाला नेतात तिच्या गोल आकारात लोक येशूचा काटेरी मुकुट बघतात, म्हणून मला तरी गोलच आवडते. पण घरी २४ सेंटीमीटरचा बंट टिन (मधे नळी असलेलं केकचं भांडं) असेल तर तो चालतो आणि तोही नसेल तर दोन लांबट लोफ टिन, चवीत काही फरक नाही. मातीचं भांडं असेल तर ते हळू तापतं, दहाएक मिनिटं जास्त धरा. कुठलंही असो, मऊ लोणी ब्रशने सगळ्या कोपऱ्यांत लावून ठेवायचं, नळीला विशेष करून वरपर्यंत, चिकटते ती तिथेच.

दोरा हाताशी ठेवा. भांड्यात भिंत आणि नळी यांच्या मधोमध दोरा गोल फिरवून बघा किती लांब होतो, २४ सेंटीमीटरच्या भांड्याला साधारण ५० येतो, तेवढी तुमच्या सुरळीची लांबी. म्हणजे पीठ ५० बाय ३५-४० लाटायचं, जाडी ४-५ मिलिमीटर. एवढी जागा ओट्यावर आहे का ते आत्ता बघा, पीठ फुगल्यावर नाही. जेवणाच्या टेबलावर जुनी सुती चादर धुऊन इस्त्री करून अंथरायची (साबणाच्या वासाची नको), त्यावर मैदा भुरभुरवायचा, आणि लाटून झालं की चादरीची कड उचलून सुरळी आपोआप पुढे ढकलता येते, हात कमी लागतात म्हणून पीठ फाटत नाही. अमेरिकेत ओहायो-मिनेसोटाकडे गेलेल्या स्लोव्हेनियन घरांमध्ये तर टेबलभर कापडावर पीठ अगदी कागदासारखं पातळ ओढतात, पण पहिल्यांदाच करताय तर ४-५ मिलिमीटरवर थांबा. सारण कडेपर्यंत न्यायचं, फक्त शेवटची दोन सेंटीमीटर मोकळी ठेवायची.

एक लांब सुई किंवा लाकडी काडी. ही खरंच विसरू नका. सुरळी भांड्यात ठेवली की दर दोन-तीन सेंटीमीटरवर पार तळापर्यंत टोचायचं, आत अडकलेली हवा आणि पुढे वाफ तिथून निघते, नाहीतर वरचा थर फुगून वेगळा होतो. गोल भांड्यात सुरळीची जोडणी वरच्या बाजूला ठेवायची, कारण भाजल्यावर ती उलटी करून काढतात आणि वर आहे ते खाली जातं, लोफ टिनमध्ये मात्र जोडणी खाली. मग दुसऱ्यांदा फुगायला पाऊण तास ते एक तास, दुप्पट होईपर्यंत थांबायचं नाही, दीडपट पुरे, जास्त फुगलेली भाजताना खचते आणि आत पोकळी सोडते.

ओव्हन १८० अंशांवर, खालच्या रॅकवर, ५० ते ६० मिनिटं, वर अंडं-दूध लावून. फॉइलचा तुकडा आधीच कापून ठेवा, अर्ध्या तासानंतर वर जास्त रंग यायला लागला तर झाकायला. आत शिजलंय का ते काडीने नीट कळत नाही कारण सारण तसंही चिकट असतं, प्रोब थर्मामीटर असेल तर आत ९३-९५ अंश आले की झालं. बाहेर काढून भांड्यातच वीस मिनिटं, मग जाळीवर उलटी, पूर्ण गार झाली की स्वच्छ फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवा.

टॅरेगॉनची करायची असेल (ती वसंतातली, ईस्टरच्या सुमाराची, सुंदर लागते) तर ताजा पालाच लागतो, वाळलेल्यात तो बडीशेपेसारखा गोड वास राहत नाही, आणि पाला चिरायचा पसरायच्या अगदी आधी. बरोबर मऊ ताजं चीज घालणार असाल तर ते आदल्या रात्री फडक्यात बांधून टांगून ठेवा, त्यातलं पाणी गेलंच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दात्यांची लांब सुरी, वरून पिठीसाखर, आणि काप दीड सेंटीमीटरपेक्षा पातळ नको. उरली तर गुंडाळून थंड जागी चार-पाच दिवस छान राहते, त्याहून जास्त ठेवायची असेल तर काप करून फ्रीझरला, दोन कापांमध्ये बटर पेपर घालून.