चुंबकीय जोडतारा अभ्यासायला घेताय? आधी कक्षा आणि परिवलन वेगळं करायला शिका

एमएस्सीच्या प्रकल्पाला विषय शोधताना बहुतेकांचा ओढा कृष्णविवरांकडे, नाहीतर बाह्यग्रहांकडे. माझं ऐकाल तर एखादा एपी जातीचा (म्हणजे ए वर्गातला, पण विचित्र वर्णपटाचा) चुंबकीय तारा घ्या, आणि तोही जोडीतला. डेटा फुकट मिळतो, लॅपटॉपवर काम भागतं आणि भौतिकी भरपूर शिकून होते.

या ताऱ्यांचं चुंबकीय क्षेत्र शेकडो ते हजारो गॉसचं असतं. वरचे थर शांत, त्यामुळे काही मूलद्रव्यं किरणांच्या रेट्याने वर येतात, काही गुरुत्वामुळे खाली बसतात. जॉर्ज मिशो यांनी 1970 मध्ये मांडलेली ही कल्पना आजही पाया आहे. परिणाम असा की युरोपियम, क्रोमियम, सिलिकॉन यांचे पृष्ठभागावर पट्टे आणि डाग तयार होतात. चुंबकीय अक्ष परिवलनाच्या अक्षाशी तिरका असतो, म्हणून तारा फिरेल तसे ते डाग समोर येतात नि जातात.

सुरुवात कॉर कॅरोलीपासून करा. सप्तर्षीच्या शेपटीजवळ, श्यामशबलमधला सर्वांत ठळक तारा. लहान दुर्बिणीतही 2.9 आणि 5.6 प्रतीचे (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा लहान तितका तारा ठळक) दोन तारे सुमारे 19 आर्कसेकंदांवर (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) सुटे दिसतात. त्यातला ठळक तो आपला. त्याच्या वर्णपटातला विचित्रपणा अँटोनिया मॉरी यांनी 1897 मध्येच टिपला होता. परिवलनकाळ 5.469 दिवस. जोडीदार इतका दूर आहे की कक्षेची हालचाल तुमच्या मोजमापात येतच नाही. नवख्याला हेच हवं.

पण ताऱ्यांचं तेज सतत मोजणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा उघडलात की जोडीदार लगेच आडवा येतो. टेसचा एक पिक्सेल 21 आर्कसेकंदांचा, म्हणजे दोन्ही ताऱ्यांचा प्रकाश एकत्रच येतो. एकूण प्रकाशातला साधारण 8 टक्के जोडीदाराचा. तो वजा न करता तेजातला बदल मोजलात तर उत्तर तेवढं कमी येणार. बाकी सोय चांगली: टेस आकाशाचा एकेक पट्टा 27 दिवस बघतो, अशा एका सेक्टरमध्ये जवळजवळ पाच फेऱ्या मिळतात.

वर्णपटात 4128 आणि 4131 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक) इथल्या सिलिकॉनच्या रेषा बघा. त्यांच्या मधोमध युरोपियमची एक रेषा दाटीवाटीने घुसलेली असते, लोकलच्या चौथ्या सीटसारखी. युरोपियमचं माप तिथे घेऊ नका, 4205 ची रेषा बरी.

आता खरं दुखणं. युरोपियमची रेषा निळीकडून लालकडे सरकताना दिसली की हात शिवशिवतात: कक्षा सापडली! थांबा. डाग ताऱ्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जातानाही रेषा अशीच सरकते. फरक ओळखायचा तो असा: तारा कक्षेत फिरत असेल तर त्याच्या सगळ्या मूलद्रव्यांच्या रेषा सारख्याच वेगाने सरकतात. डागांमुळे असेल तर युरोपियम एक वेग सांगतो, लोह दुसरा, कारण त्यांचे डाग वेगवेगळ्या जागी आहेत. म्हणून प्रत्येक मूलद्रव्याचा वेगवक्र, म्हणजे वेळेनुसार वेगाचा आलेख, वेगळा काढायचा. कंटाळवाणं काम आहे, पण गाइडने विचारायच्या आत हा आलेख तयार असावा.

पुढची पायरी बीटा कोरोने बोरिआलिस हा जोडतारा. परिवलन साडेअठरा दिवसांचं, कक्षा साडेदहा वर्षांची. दोन्ही सहज सुटी होतात. एचडी 98088 मात्र शेवटी घ्या. तिथे दोन्ही ताऱ्यांच्या रेषा दिसतात आणि मुख्य ताऱ्याचं परिवलन व कक्षा दोन्ही 5.905 दिवसांची. भरतीओहोटीच्या बलाने ती एकमेकांशी जुळली आहेत. आवर्तनकाळ पाहून इथे काहीच वेगळं करता येत नाही, मूलद्रव्यांची तुलनाच कामाला येते. आणि असे जवळचे जोडीदार असलेले चुंबकीय एपी तारे दुर्मीळ आहेत. का, यावर अजून वाद चालू आहे. पीएचडीला विषय हवा असेल तर तो इथे आहे.

स्वतःची निरीक्षणं घ्यायची असतील तर आपल्याकडे गिरवली, कावळूर, नैनिताल इथल्या वेधशाळा आहेत. वेळेसाठी प्रस्ताव द्यावा लागतो. कॉर कॅरोलीला फेब्रुवारी ते मे हा काळ उत्तम, पावसाळ्यात महाराष्ट्रातून आशाच सोडा. प्रस्तावात कुठल्या रात्री ताऱ्याची कुठली बाजू समोर असेल, याचा तक्ता जोडा. एचडी 98088 साठी दर सहाव्या दिवशीची रात्र मागू नका, दरवेळी जवळजवळ तीच बाजू दिसेल. सलग सहा रात्री मागा, पूर्ण फेरी हाती लागते.