किडनीच्या पथ्यात या चुका टाळा: शहाळं, आगळ आणि भाजीचं पाणी

वाडीत कुणाचं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी किती बिघडली ते सांगणारा रक्तातला आकडा, वाढलं की दुसऱ्या दिवशी दारात शहाळी येऊन पडतात. आमच्याही आली. मालवणात त्यासाठी बाजारात जावं लागत नाही. शेजारचे तात्या स्वतः कोयता घेऊन आले. "बाबांका शहाळा दी गो, किडनी धुवान निघतली." मे महिना होता, अंगाची काहिली होत होती. बाबांचं क्रिएटिनिन 4 च्या वर गेलं होतं आणि मी रोज सकाळ-संध्याकाळ एकेक शहाळं देत होते. नवव्या दिवशी त्यांना खुर्चीतून उठता येईना. "पायांत जीवच नाय," म्हणाले. आम्ही म्हटलं, उन्हाचा अशक्तपणा, आणि आणखी एक शहाळं फोडलं.

रात्री ईसीजी बिघडलेला निघाला, रक्तातलं पोटॅशियम 6.9. बिघडलेल्या किडनीला ते पुरतं बाहेर टाकता येत नाही. ते साधारण 3.5 ते 5 च्या दरम्यान राहायला हवं. हृदय सांभाळायला कॅल्शियमचं इंजेक्शन, मग ग्लुकोजबरोबर इन्सुलिन आणि पहाटे डायलिसिस. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात सुमारे 600 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. पोटॅशियमचं पथ्य असलेल्याला अख्ख्या दिवसाला बहुधा 2000 च्या आसपासच परवानगी असते. त्यात रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी ते आणखी वाढवते आणि बाबांना ती चालू होतीच. किडनी म्हणजे मोरी नव्हे, पाणी ओतलं की धुतली जायला.

याच्या उलट, पोटॅशियम 4.2 असताना केळं, आंबा, फणस सगळं बंद करून माणसाला वाळवणारेही बघितलेत. आधी रिपोर्ट बघा, डॉक्टरांना विचारा, मग बंद करा.

कमी सोडियमचं मीठ आणू नका, सोडियम कमी करून त्यात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. सैंधवही शेवटी मीठच.

करमर, म्हणजे स्टारफ्रूट, परसात लगडलेलं असलं तरी त्याची फोडसुद्धा नको. त्यातलं विष बिघडलेल्या किडनीतून बाहेर पडत नाही. आधी न थांबणारी उचकी, मग भ्रम, फिट, जीवही जातो.

कुळथाचं कढण मुतखड्यासाठी सांगतात. मुतखडा वेगळा, हा आजार वेगळा.

दुसऱ्याचा आहाराचा तक्ता उचलू नका. डायलिसिस सुरू नसताना वजनाच्या किलोमागे साधारण 0.6 ते 0.8 ग्रॅम प्रथिनं सांगतात, सुरू झाल्यावर 1 ते 1.2. आम्ही डायलिसिस सुरू झाल्यावरही दोन महिने बांगडा बंद ठेवला होता. शेवटी सिस्टरनी ओरडून सुरू करायला लावला.

आता मीठ. "आम्ही आळणीच खातो" म्हणणाऱ्यांच्या फडताळात आगळाची बाटली हमखास असते. रतांब्यांना, म्हणजे कोकमाच्या फळांना, मीठ लावून काढलेला तो रस वर्षभर टिकतो तो मिठाच्या जोरावर! सुका बांगडा, जवळा, लोणचं, पापड यांचा हिशेबही कुणी धरत नाही. अख्ख्या दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, त्याच्या वर नको. मी सगळ्यांचं जेवण आळणी करते आणि बाबांचं मीठ सकाळीच औषधाच्या टोपणात काढून ठेवते. संपलं की संपलं. आमसुलं वाळवताना थोडी बिनमिठाची बाजूला काढते. रिपोर्ट बरा असेल तर रविवारी त्यांचीच सोलकढी, नारळाच्या दुसऱ्या पातळ रसाची, अर्धी वाटी.

भाजीच्या पाण्यावरून घरात भांडणं झाली. सगळं सत्त्व पाण्यात असतं, असं आजी सांगायची. खरंच असतं, म्हणून तर पोटॅशियमवाल्यांनी ते ओतून द्यायचं. बटाटा, सुरण बारीक चिरून दोन तास भरपूर कोमट पाण्यात ठेवते, ते पाणी टाकते, मग नव्या पाण्यात उकळून तेही टाकते. "कुकरला दोन शिट्ट्या काढल्या तर?" दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. नाही चालत, बाई. थोड्या पाण्यात शिजवलं की पोटॅशियम तिथल्या तिथेच राहतं. दोन तास थांबायची तयारी नसेल तर त्या दिवशी दुधी करा.

आणि डायलिसिसवाल्यांना पाणी मोजूनच, त्या हिशेबात पेजही धरायची. पेज म्हणजे जेवण, असं बाबांचं अजून म्हणणं आहे. सकाळी त्यांच्या वाट्याचं पाणी एका बाटलीत भरते. वाटीभर पेज दिली की तेवढं पाणी बाटलीतून तुळशीला घालते. तात्या आले की चहा होतो, तेव्हाही अर्धा कप बाटलीतून कमी होतो. बाबा बघत बसतात.