वापी-उंबरगावला बिऱ्हाड हलवताय?

मुंबई-विरारचं भाडं झेपेना म्हणून वापी, उंबरगावकडे जायचं घाटत असेल, तर आधी मुलांची इयत्ता बघा. महाराष्ट्रात राज्य कोट्यातून मेडिकलला जायचं तर सर्वसाधारणपणे दहावी आणि बारावी, दोन्ही इथूनच झालेली लागते. मूल आठवी-नववीत असेल तर घाई अजिबात नको. गुजरातेत २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती सक्तीची आहे. परराज्यातून आलेल्यांना अर्ज करून सूट मागता येते, पण लहान पोरांना शिकू द्याच. त्याने पोरं शेजारपाजारात लवकर रुळतात. गाडी १२ महिन्यांहून जास्त तिथे राहणार असेल, तर जुन्या आरटीओची एनओसी घेऊन नवा नंबर घ्यावा लागतो. तिथला रोड टॅक्सही भाड्याच्या बचतीतून वजा करून बघा.