बदनामीची नोटीस धाडण्याआधी

आमच्या सोसायटीच्या टाकीचं वॉटरप्रूफिंग झालं त्या वर्षी खजिनदार मी होतो. एका सभासदाने फेसबुकवर लिहिलं, ‘टाकीच्या कामात खजिनदाराने ऐंशी हजार खाल्ले.’ मी तावातावाने वकील गाठला आणि दोन पानी नोटीस ठोकली. पोस्टमनने ती त्याच्या हातात दिली त्याच संध्याकाळी पोस्ट गायब. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: असा कोणताही मजकूर आमच्या अशिलाने लिहिलेला नाही, पुरावा द्यावा. माझ्याकडे होता एक स्क्रीनशॉट, तोही बायकोला पाठवताना कापलेला. त्यात ना नाव, ना तारीख. आणि ज्या फोनवर काढला तो दिवाळीच्या एक्स्चेंजमध्ये गेलेला.

म्हणून पहिलं काम पुरावा. वकिलाला फोन करण्याआधी, ‘बघून घेईन’ म्हणण्याआधी. पूर्ण स्क्रीनशॉट घ्या, वरच्या घड्याळासकट. नाव, तारीख, लिंक दिसली पाहिजे. मग स्क्रीन रेकॉर्डिंग: त्याचं प्रोफाइल उघडा, खाली या, पोस्ट दाखवा, थांबा. व्हॉट्सॲप असेल तर चॅट एक्सपोर्ट करून ठेवा. ज्यांनी आपापल्या फोनवर वाचलं अशा दोघांची नावं टिपून ठेवा, कारण तिसऱ्याने वाचल्याशिवाय बदनामी होतच नाही. कापाकापी नको, वर लाल बाण नकोत.

आणि फोन विकू नका. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या नव्या कायद्याच्या, कलम ६३(४) प्रमाणे स्क्रीनशॉटच्या प्रिंटसोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब तज्ज्ञाने, आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल अंगठ्याचा ठसाच. जुन्या कायद्यात हेच ६५ब होतं. आपल्या जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली सांगितलं की हे प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच त्याच्या मालकाने कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. माझं मूळ उपकरण तेव्हा कुणाच्या खिशात वाजत होतं, देव जाणे.

आता स्वतःकडे बघा. ‘काम भिकार झालं’ हे मत आहे, सोडून द्या. ‘पैसे खाल्ले’ हा आरोप आहे. त्याने उपनिबंधकाकडे, म्हणजे सोसायट्यांवर देखरेख करणाऱ्या सहकार खात्याच्या अधिकाऱ्याकडे, सद्भावनेने तक्रार केली असेल तर ती बदनामीच्या अपवादात बसते, तिथे नोटीस काढून हसं करून घेऊ नका. कोटेशन, बिलं, ऑडिट काढा. एखादं बिल सापडत नसेल तर आधी ते शोधा. आणि मजकूर व्हॉट्सॲप ग्रुपवर असेल तर ग्रुपच्या ॲडमिनला यात ओढू नका. सभासदाच्या मजकुराला निव्वळ ॲडमिन म्हणून तो जबाबदार नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय.

मजकूर. माझ्या नोटिशीत ‘अश्लाघ्य’, ‘बिनबुडाचे’, ‘समाजातील प्रतिमा मलिन’ सगळं होतं, फक्त त्याने लिहिलेलं वाक्य नव्हतं! नेमके शब्द अवतरणात घाला, त्याच्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट. तारीख, वेळ, कुठे लिहिलं. ते खोटं कसं, बिलाचा क्रमांक देऊन. मग मागणी: मजकूर काढा, त्याच जागी तसाच ठळक खुलासा टाका, पुन्हा असं करू नका, पंधरा दिवसांत. इथे जरा थांबा. मजकूर काढा असं तुम्हीच सांगताय, म्हणजे पुरावा पुसायला तुम्हीच सांगताय! तो आधी तुमच्याकडे आलाय का? नसेल तर नोटीस टेबलावरच राहू द्या.

‘पाच कोटी द्या’ लिहू नका. उद्या तोच आकडा दाव्यात घातलात तर त्यावर कोर्ट फी भरायची आहे. ‘पोलीस उचलून नेतील’ हेही नको. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ३५६ खाली शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा अशी आहे खरी, पण गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस परस्पर अटक करू शकत नाहीत, मॅजिस्ट्रेटकडे फिर्याद तुम्हालाच करावी लागते. समोरच्याच्या वकिलाला हे ठाऊक असतं.

मुदत: नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्षाच्या आत. नोटीस पाठवली म्हणून घड्याळ थांबत नाही. फौजदारीला तीन वर्षं. मी उत्तर-प्रत्युत्तरात आठ महिने घालवले.

धाडणं: स्पीड पोस्ट, पोचपावतीसह, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये त्यातच विलीन झालं. पत्ता बरोबर हवा. ‘घेण्यास नकार’ शेरा मारून पाकीट परत आलं तर फोडू नका, तसंच ठेवा. नोटिशीचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, ज्यांनी ते वाक्य वाचलं नव्हतं तेही वाचतील.

सही, प्रत, पावती, फाइल. उत्तर आलं तर वकिलाकडे द्या, तुम्ही परस्पर फोन करू नका. स्क्रीनशॉट पुन्हा एकदा उघडून बघा, नाव आणि तारीख दिसतेय ना? आणि जुना फोन कपाटात, चार्जरसकट.