एकांत आवडणाऱ्या माणसाला भेट देताना या चुका टाळा

गणपतीला गावी जाताना गुहागरच्या घरी राहणाऱ्या दादासाठी काय न्यावं, यात मी वर्षानुवर्षं चुकत आले. दादा माणूसघाणा नाही. चार माणसांत हसतो, बोलतो, पण दमतो. मग तासभर पडवीतल्या झोपाळ्यावर एकटा बसला की पुन्हा ताजातवाना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अशा माणसाला ‘माणसांत आणण्यासाठी’ भेट देणं. त्याच्या पन्नाशीला आम्ही न सांगता वीस जण जमवले. केक कापला आणि दादा दिसेना. मागच्या दारी विहिरीपाशी उभा होता. कुणाला एका शब्दाने बोलला नाही, याचंच मला आजही वाईट वाटतं. ग्रुपची सहल, क्लासची फी, कॅरम हे सगळं त्याच माळेतलं. सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे पत्त्यांचा जुना खेळ, देखणी खरी, दशावतारी संचात हाताने रंगवलेली 120 गोल पानं असतात. पण खेळायला तिघं लागतात. नुसती चित्रं न्याहाळायला आवडणार असतील तरच घ्या.

‘वाचतो ना, मग पुस्तकं देऊ’ म्हणताना आपली हवा विसरू नका. पावसाळ्यात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, चामड्याच्या डायरीवर पांढरा थर चढतो. पुस्तकासोबत घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या द्या. वीज जाते तेव्हा वाचायला चार्जिंगचा दिवाही उपयोगी पडतो.

दुर्बीण घेताना मी जास्त पटीच्या मोहात पडले. 10 पटीच्या दुर्बिणीत हात जरा हलला तरी पक्षी निसटतो. 8×42 घ्या: 8 पट मोठं दिसतं, पुढच्या भिंगाचा व्यास 42 मिलिमीटर. सुरूच्या शेंड्यावरचा समुद्री गरुड दादाला तिच्यातूनच नीट दिसला. पाणी न शिरणारीच निवडा, कारण दमट हवेत भिंगालाही बुरशी लागते.

भेट सगळ्यांसमोर उघडायला लावू नका. नंतर ‘वापरलीस का, फोटो पाठव’ असा तगादाही नको.

गेल्या वर्षी मी एक वही दिली. आमच्याकडे भरतीचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, ओहोटी त्याच्या सहा तास अलीकडे-पलीकडे. म्हणजे पंचमीला भरती पावणेचारला, सकाळची ओहोटी पावणेदहाच्या सुमारास. महिन्याच्या सगळ्या तिथी तशा मांडल्या आणि पहिल्या पानावर लिहिलं, ‘ओहोटीच्या वेळी आलेल्या पाहुण्यांचं मी बघीन.’

ऋषिपंचमीला घर भरलेलं असताना दादा पायात चपला सरकवून किनाऱ्याकडे निघाला. कुठे चाललास, असं कुणी विचारलं नाही. मी सगळ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं.