बायपासमध्ये धमन्या वापरणार? या चुका टाळा

निपाणी, चिक्कोडी, खानापूरकडून बायपाससाठी बेळगाव, मिरज किंवा कोल्हापूर गाठणारी माणसं एकच विचारतात, "ब्लॉकेज किती?" ब्लॉकेजला वळसा घालणारी रक्ताची नवी वाट, म्हणजे ग्राफ्ट, कशाची करणार, हे विचारायचंच राहतं. संमतीचा फॉर्म कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला, तर तो मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका.

छातीतली डावी धमनी हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीला जोडतात. १० वर्षांनीही ती १० पैकी ९ जणांत चालू असते. पायातून काढून जोडलेल्या शिरा तोवर जवळपास निम्म्या बंद पडतात. म्हणून पेशंट पन्नाशीतला असेल, तर मनगटातली किंवा छातीतली उजवी धमनीही घेता येईल का, हे सर्जनना जरूर विचारा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो हाताचा. अँजिओग्राफी बहुधा उजव्या मनगटातून होते. नळी गेलेली धमनी आतून दुखावते, मग ती ग्राफ्टला सहसा घेत नाहीत. उरतो डावा हात. तो राखायचा असेल तर तसं आधीच सांगा, नाहीतर तपासणीचं धमनीतलं रक्तही त्याच मनगटातून काढलं जातं. पंजाला दुसऱ्या धमनीतून पुरेसं रक्त मिळतं ना, हेही आधी तपासून घ्यावं लागतं.

पण हट्ट नको. हृदयाच्या मूळ धमनीतून रक्त अजून जोरात वाहत असेल, तर हाताची धमनी आक्रसून बंद पडते. डाव्या बाजूचं ब्लॉकेज ७० टक्क्यांच्या वर आणि उजव्या बाजूचं ९० च्या आसपास असलं, तरच ती टिकते. छातीतल्या दोन्ही धमन्या काढल्या की छातीच्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो. शुगर वाढलेली किंवा वजन जास्त असेल तर जखम चिघळायची भीती मोठी. भेटायला येणारे प्रेमानं कुंदा, म्हणजे बेळगावची गोड मिठाई, आणतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. तंबाखू आणि मिसरी तर कायमचीच बंद.

आमच्या खानापूरच्या दाजींनी घरी आल्यावर "बीपी नॉर्मल आहे" म्हणून एक गोळी सोडली. ती बीपीसाठी नव्हतीच, हाताची धमनी आक्रसू नये म्हणून होती. डिस्चार्जच्या वेळी प्रत्येक गोळी कशासाठी, हे लिहून घ्या. अंगठ्याकडे मुंग्या आल्या तर त्या बहुतेकदा काही महिन्यांत कमी होतात. बोटं गार, पांढरी पडली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.